आठव्या छिद्राची नोंद

पहिली सात स्वच्छ निघाली.
म्हणजे वास नाही, रंग फिरलेला नाही,
वाफा मोजणारं यंत्र शून्यावर झोपलेलं.
दीड मीटर काळी, मग पिवळसर, मग चुनखडी;
घासात खडा यावा तसा ऑगर करकरला, एवढंच.
दर खोलीला मी हातमोजे बदलले,
बाटलीवर चिठ्ठी लावली, बर्फाच्या पेटीत ठेवली.
रुबाब तडवी मशीन पुसत म्हणाला,
मॅडम, अंधाराआधी अमळनेर स्टेशन गाठू.

बोरीकाठचा हा रंगाचा कारखाना
बंद पडून एकवीस वर्षं झाली.
पत्रे गेले, दारं गेली,
उरला फक्त वजनकाटा.
त्याच्यावर शेळ्या उभ्या राहतात
आणि काटा हलत नाही.
मी पंचवीस-पंचवीस मीटरच्या चौकटी आखून आणल्या होत्या.
नकाशाला वाटतं,
पुरणाऱ्यानंही मोजूनमापूनच पुरलं असणार.

तो सकाळपासून बाभळीखाली बसलेला.
कुणी बोलावलं नव्हतं.
पाचव्या छिद्रापर्यंत तंबाखू मळत होता,
सहाव्याला चपला काढल्या,
सातव्याला उठून आला.
"आठे नही, माय. आठे ते निस्ती माती शे."

आणि अंधारात घरातल्या माठापाशी जावं
तसा न बघता चालत गेला,
कुंपणाच्या कोपऱ्यात टाच रोवून थांबला.
तिथं धोतरासुद्धा उगवलेला नव्हता.
सकाळपासून मी त्या कोपऱ्याकडे पाठ करून उभी होते.

आखाजीची रात्र होती, म्हणाला.
लेकी माहेरी आलेल्या, निंबाला झोके,
सगळं गाव तिकडे.
इकडे अठ्ठावीस पिंपं, चार माणसं, एक कंदील.
वैशाखात काळीला हात जाईल एवढ्या भेगा,
अर्धं काम भेगांनीच केलं.
पिंपामागे वीस रुपये.
गाणी इथवर ऐकू येत होती;
खणता खणता दोन कडवी त्यानंही म्हटली.
चौघांतला आता तो एकटा.
बाकीचे कशानं गेले, त्यानं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
माझ्या फॉर्मात तसा रकाना नाही.

आठवं छिद्र.
दोन मीटरला काहीच नाही.
दोन पंचवीसला रुबाबचा हात थांबला,
यंत्र जागं झालं, आणि मग गप्प बसेना.
नळीतून गाभा बाहेर सरकला:
काळा, काळा, मग बोटभर जांभळा,
शालूला शोभला असता असा जांभळा,
आणि त्याच्याखाली माती
कुठल्याच रंगाची नव्हती.
वास बुटाच्या पॉलिशचा, त्यात कडू बदाम.
मास्क चढवा, मी ओरडले.
मास्क दोनच होते.
तिसरा मी आणलाच नव्हता.
तो वाऱ्याच्या बाजूला सरकून उभा राहिला,
न सांगता. त्याला वारा माहीत होता.

छिद्र आठ. खोली दोन पूर्णांक पंचवीस.
वेळ चार वाजून दहा मिनिटं.
साक्षीदाराचं नाव?
"उखर्डू."
पेन अडलं. तो हसला.
"मना पहिले दोन भाऊ मरी गयात.
मायनी माले उकिरडावर टाकं, म्हनीसन वाचनू."
मी पूर्ण लिहिलं: उखर्डू झिपा कोळी.
त्यानं अंगठा न देता सही केली,
एकेक अक्षर खणल्यासारखं.

छिद्र उघडं सोडायचं नसतं,
पावसाचं पाणी तीच वाट धरतं.
तळापासून बेंटोनाइट भरत यायचं,
थोडं पाणी, थोडी भुकटी;
ती भिजते, फुगते, तोंड मिटते.
रुबाब भरत होता.
उखर्डूबाबानं सवयीनं
शेजारच्या ढिगातली मूठभर माती उचलली
वरून टाकायला.
ती नको बाबा, मी म्हटलं, ती नको.

मूठ तशीच राहिली हवेत.
बोटांच्या फटीतून थोडं जांभळं गळलं.

"मंग हाई कोठे टाकू?"